चार फळांची जागा

२० सप्टेंबर १९८५, शुक्र.
नवी वही. माझ्या लेकीने, नलूने कसालहून आणली, जावयांच्या शाळेतली. पहिलं पान जमाखर्चाला द्यायचं नाही असं ठरवलं. त्यापेक्षा ह्या हातांनी केलेलं लिहून ठेवतो. शिकवायला कोणी नव्हतं, बघून बघून:
लेथ, जुन्या शिवणमशीनच्या सांगाड्यावर, पायाने चालणारा.
होड्या दोन. एक अजून खाडीत चालते.
ह्या घराचे दरवाजे तीन, खिडक्या सात. माजघरातली एक अर्धा सूत वाकडी आहे, ते मलाच ठाऊक.
शेजारच्या तात्यांचा डावा पाय, गुडघ्याखालचा.
लाकडी फळं. किती ते मोजलं नाही. पणजीचे शेट नेतात.
पाळणे दोन. एक नलू झाली तेव्हा. दुसरा गेल्या वर्षी.
सगळं शाबूत आहे. दुसरा पाळणाही शाबूत आहे. माळ्यावर, रिकामा.

२१ सप्टें., शनि.
नलू गणपतीला म्हणून आली ती आता राहणार. पुन्हा दिवस आहेत. मला तिने सांगितलं नाही, मी विचारलं नाही. तिची आई असती तर... ती जाऊन सहा वर्षं झाली. घर आक्का बघते. आक्का माझी थोरली बहीण, तिला नलूच्या शेवटच्या पाळीचं विचारलं.
"आक्का, शेवटची बाजूक बसलेली, तेका किती म्हयने झाले?"
"चार सरले. तू बापूस मेल्या, तुका कित्याक होया ता?"
गेल्या वर्षी सहा महिने वीस दिवसांवर गेलं. मी पाचव्यातच पाळणा करून ठेवला होता. आक्का तेव्हा म्हणाली, येवच्या आधी हाथरूण घालूचा नसता. नंतर एकदाही म्हणाली नाही. त्याचंच जास्त लागतं.

२३ सप्टें., सोम.
नलू डॉक्टरकडे जायला तयार नाही. कसालच्या दवाखान्यात नावसुद्धा घालू दिलं नाही. "गेल्या खेपेक सगळ्यांका सांगलेलंय. आता तो आठवडो सरांदे, मगे खंय होया थंय न्हेवा." दिवसभर माजघरातल्या खिडकीशी बसते. हात पोटावर ठेवत नाही. मुद्दाम ठेवत नाही.
मालवणला कंपाउंडरांकडे प्रसूतीचं जुनं पुस्तक आहे. मागून आणलं. एक तक्ता आहे: आठवडा, लांबी, वजन. आठवडे शेवटच्या पाळीपासून धरायचे असं स्पष्ट लिहिलंय. चार महिने म्हणजे सतरा पूर्ण. गेल्या वर्षीचा तो एकोणतिसावा.

२४ सप्टें., मंगळ.
पाळणा करायचा नाही. फळं तर मी रोजच करतो. त्याला कोण काय म्हणणार.
पेरू केला. अठरा आठवडे, १९० ग्रॅ. पांगाऱ्याचं लाकूड हलकं, वजन भरेना. आतून पोखरून जाळ्याला लावतात ते शिसं भरलं, वरून खुंटी ठोकून लाख चढवली. काट्यावर १९२ आलं. खुंटी काढली, दोन ग्रॅम कमी केले. बुडाशी तापल्या सुईने १८ कोरलं.
माजघराच्या खिडकीत ठेवला. 

१ ऑक्टो., मंगळ.
१९. मोसंबं. पेरूला नलूने अजून हात लावलेला नाही. पण खालची धूळ कुणीतरी पुसली आहे.

८ ऑक्टो., मंगळ.
२०. आंबा, ३०० ग्रॅ. देठाजवळचा लाल फार सुंदर उतरला, हे स्वतःच म्हणतो. आज तिने उचलला. एकदम हात खाली गेला तिचा.
"बाबा, ह्यो जड कसो?"
"शिसा घातलंय."
"कित्याक?"
मी लेथवर गेलो. मागे वळून बघितलं तर आंबा उलटा करून आकडा बघत होती. मग मोसंब्याचा. मग पेरूचा.

१३ ऑक्टो., रवि.
जावई येऊन गेले. भला माणूस, पण बसला की बसला. आक्का त्यांना सांगत होती, "आतापासून लाथो मारता, तुमचो झील फुटबॉल खेळतलो." जावई लाजले. पुस्तकात बघितलं. विसाव्याला इतकं जोरात? असेल. प्रत्येकाचं वेगळं. हालतंय हे काय कमी आहे. देवाचे उपकार.

१५ ऑक्टो., मंगळ.
२१. सकाळी मी लेथवर बसायच्या आधीच नलू दारात.
"आज मंगळवार."
"माहीत आसा."
"मगे चल, लाकूड घे."
किती दिवसांनी तिने मला हुकूम केला. लहानपणी करायची तसा.

२२ ऑक्टो., मंगळ.
२२. सीताफळ. डोळे एकेक करून कोरले. नलूने मोजले, त्र्याण्णव. आक्का येऊन बघून गेली. "देवाचा काम तू करूक बसलंस. पण दिसता तरी बरा." म्हणजे पसंत आहे.

५ नोव्हें., मंगळ.
२४. सोललेला नारळ, ६०० ग्रॅ. शेंडीसकट. बाजारातला खरा नारळ शेजारी ठेवला, आक्काने फोडायला माझा उचलला. हसून हसून नलूला ठसका लागला. आक्काने पाणी दिलं आणि मला शिव्या.
एक खटकतंय. फळाच्या मानाने पोट मोठं दिसतं. आक्का म्हणते जुळी असतील. मला पायांची सूज आवडत नाही.

११ नोव्हें., सोम.
चावदिस, म्हणजे नरकचतुर्दशी. पहाटे आक्काने नलूला तेल लावून न्हाऊ घातलं. तुळशीपुढचं कडू कारीट तिने डाव्या अंगठ्याने असं फोडलं की बिया माझ्या धोतरावर. तीन तऱ्हेचे फोव, म्हणजे पोहे. गोडे दोनदा मागून घेतले. दुपारभर झोपली. विशेष काही नाही. चांगला दिवस.

१२ नोव्हें., मंगळ.
२५. लक्ष्मीपूजन, तरी लेथ चालवला. खिडकीत आठ फळं झाली. नलू वेळ जाईना की एका हातात १८ आणि एका हातात शेवटचं घेऊन बसते. तराजूसारखी.

१९ नोव्हें., मंगळ.
२६. पुढचे तीन मंगळवार कसे जातील ते बघायचं. एकोणतिसाव्याला काय करू? पुस्तकात वजन दिलंय. हात धजेल असं वाटत नाही. नलूनेही विचारलं नाही, पण गेले दोन दिवस हसत नाही. आक्का देवाला काहीतरी बोलली आहे, काय ते सांगत नाही.

२६ नोव्हें., मंगळ.
२७. पपई, ८७५. काम मनासारखं झालं नाही. रंग दोनदा काढून पुन्हा दिला. नलू म्हणाली, "बाबा, आता दोन आठवडे फळ करू नको. मगे एकदम पुढचा कर."
मी म्हटलं, गाळून कसा करतलंय. काम आसा ता.
उगीच बोललो.

२८ नोव्हें., गुरु.
नीट लिहिलं पाहिजे. 
नर्सबाई तात्यांच्या नातवाला डोस पाजायला आल्या होत्या. आक्काने त्यांना धरून आणलं. नलू नको नको म्हणत होती. सूज बघून बाई म्हणाल्या, फक्त मोजते, कुठे नेत नाही. मी ओटीवर. दार अर्धं उघडं.
"कितवा?"
आक्का म्हणाली, सातवो लागलो.
टेप लावली असावी. बाई म्हणाल्या, थांबा, पुन्हा एकदा मोजते. माझा जीव कुठे गेला ते मलाच कळेना.
"एकतीस भरतंय, म्हणजे आठवडेही तितकेच. सातवा लागला म्हणता, मग इतकं कसं? पोरी, शेवटची पाळी कधीची?"
नलू म्हणाली, "अक्षय तृतीयेक. त्या दिवशी माका घागरीक हात लावूक गावलो नाय, म्हणान आठवता."
बाईंनी भिंतीवरचं कॅलेंडर काढलं. पानं मागे उलटली, एप्रिलपर्यंत. मग बोट ठेवत पुढे आल्या. मी जिवाचा कान करून ऐकत होतो.
"आजी, ह्यात दोन श्रावण आहेत. तुम्ही एकच धरलात."
"अधिक महिनो कित्याक धरूचो? त्या महिन्यात आमी काय्येक करणव नाय. ना लगीन, ना मुंज. मगे मोजतलंय कसो?"
"आजी, पोर अधिकातसुद्धा वाढतं."
एकतीस आठवडे पूर्ण, वर दोन दिवस.
मी आत गेलो. लाज वाटली नाही. विचारलं, मग एकोणतिसावा? बाईंनी पुन्हा कॅलेंडर बघितलं. पाच ते अकरा नोव्हेंबर.
होऊन गेला. सतरा दिवसांमागे.
वही काढून ती पानं नलूला वाचून दाखवली. पाच तारीख, आक्काने लाकडाचा नारळ उचलला. अकरा तारीख, कारीट, दोनदा गोडे फोव. "विशेष काही नाही. चांगला दिवस." हे मी लिहिलं होतं. नलूने वही माझ्या हातातून घेतली, स्वतः वाचलं. मग रडली. मग दोन्ही हात पोटावर ठेवले. सप्टेंबरपासून पहिल्यांदा.
आक्का चुलीकडे तोंड करून बसली होती. नलू तिला म्हणाली, "आत्ये, बरा केलंस. नायतर ते सात दिवस मी जेवलंय नसतंय."

२९ नोव्हें., शुक्र.
चूक कुणाची ते लिहून ठेवतो. आक्काची नाही. तिने तिच्या रीतीने सांगितलं. मी शिसं दोन ग्रॅमनी कमी केलं, रंग दोनदा उतरवला, आणि कुठल्या दिवसापासून मोजतेस हे विचारलं नाही. सुरुवातीचीच खूण चुकली तर पुढचं सगळं काटेकोर काम त्याच चुकीवर उभं. लेथवर बसणाऱ्याला हे सांगावं लागू नये.
तरी आज छाती हलकी आहे. अशी चूक नशिबात असावी लागते.
सूज फार नाही, बाई म्हणाल्या. मीठ कमी. सोमवारी नलू आपणहून मालवणच्या दवाखान्यात यायला तयार.

३ डिसें., मंगळ.
दवाखान्यातही तेच सांगितलं. एकच आहे, डोकं खाली, ठोके छान. तारीख अठ्ठावीस जानेवारी.
३२. शहाळं, १७००. खिडकीत ठेवायला गेलो. सत्तावीसची पपई, आणि मग हे. मधले चार नाहीत. २८, २९, ३०, ३१. आठवडाभर बसलो तर होतील. वजनं पुस्तकात आहेत.
शहाळं पपईला लागून ठेवत होतो. नलू म्हणाली, "थंय नको. चार फळांची जागा सोड."
सोडली. टेपने मोजून सोडली.

३१ डिसें., मंगळ.
३६. खिडकी पुरेना, खाली फळी मारली. पण वरची जागा तशीच. आक्का रोज फळं पुसते. रिकामी जागाही पुसते.
नलू आता मुलाशी बोलते. मी आलो की थांबते. मी खोकून येतो हल्ली.

१४ जाने. १९८६, मंगळ.
३८. संक्रांत. जावई तिळगूळ घेऊन आले. त्यांना एकेक फळ उचलायला लावलं. १८ पासून. ३८ ला आल्यावर म्हणाले, "हे एवढं घेऊन ती फिरते?" मग उठून विहिरीवर पाणी काढायला गेले. बसला की बसला, हे मागे लिहिलं ते मागे घेतो.

२१ जाने., मंगळ.
३९. आक्का सकाळी म्हणाली, "वासू, तो माळ्यार आसा तो खाली काढ." मी बघतच राहिलो. "बघतंस काय. धुवून वाळत घाल. दोरी मात्र बांधू नको, ती मागसून."
पाळणा काढला. एक कडी गंजली होती, बदलली. बाकी शाबूत.

२८ जाने., मंगळ., दु. १
पहाटे नलूला कळा सुरू झाल्या. सात वाजता टेम्पो मिळाला. पुढे नलू आणि आक्का, मागे गाद्यांवर कालच आलेले जावई. आक्का मला म्हणाली, "तू थंय उभो रवान काय करतलंस? घर बंद कर नि दोनच्या गाडीन ये." नलूने जाताना पिशवीत काहीतरी टाकलं. नंतर बघितलं, खिडकीतला १८ नाही. पेरू.
चाळीसचं कलिंगड कालच झालं. लाख अजून ओली, हात लावला नाही.
कुलूप लावत होतो तर पणजीचे शेट दारात. नेहमीचा माल न्यायला. पाणी द्यायला आत घेतलं, त्यांनी खिडकी बघितली. एकेक उचललं. शहाणा माणूस, दुसऱ्याच फळाला ओळखलं काय आहे ते. पहिला पेरू होता, हे मी सांगितलं. त्यांच्या ओळखीच्या एक बाळंतपणाच्या डॉक्टरीणबाई आहेत, दवाखान्यात मांडायला असंच काही हवंय म्हणाले. "पेरू पुन्हा करा, आणि हे मधले चार बसवून द्या. संच पुरा पाहिजे."
मी म्हटलं, पेरू करीन. बाकीची माझी आहेत. ते चार माझे नाहीत.
"म्हणजे दुसऱ्या कुणी केले? कुठे आहेत मग?"
मालवणला गेलेत, म्हटलं. ते हसले. मला वेडा समजले असतील. मग आकडा सांगितला. मी नाही म्हटल्यावर वाढवला. आंबे-केळ्यांची टोपली घेऊन गेले, तिचे नेहमीचे साठ देऊन.
अजून कुणाचा निरोप नाही. गाडीला पाऊण तास आहे. उरलेली अठरा फळं आणि चार रिकाम्या जागा ह्यांचे शेटनी शेवटी सांगितले अडीच हजार रुपये. नको म्हटलं.