घरच्यांना मुदत नाही

३ डिसेंबर
पाचाडहून आत्याचा फोन. "गो, माझं नाचणीचं पीठ काकाच्या दुकानात ढीगभर पडलंय, नि तुझी वेबसाइट सांगते माल संपला! मुंबयची मानसं मला विचारतात."
जाऊन पाहिलं. पिशव्या खरंच तशाच. वेबसाइट मी केलेली, म्हणजे चूक माझीच. गिऱ्हाइकाने माल कार्टमध्ये टाकला की डेटाबेस तो थोडा वेळ अडवून ठेवतो. पैसे भरले नाहीत तर मोकळा करतो. पुन्हा पुन्हा तपासलं. सुटतोय की! मग...

४ डिसेंबर
काका, गिऱ्हाइकांदेखत: "पिठाला जाळी लागणार आता. हिच्या कॉम्प्युटरपायी."
त्यांचा मुलगा, आमचा दादा, तिथेच होता. "शिकतेय ती, बाबा."
बरं वाटलं. लहानपणी मी सतत आजारी, शाळा उशिरा. अक्षरं दादानेच शिकवली. पुढे डेटाबेसही.

७ डिसेंबर
सापडलं. दुकानात घरच्यांसाठी माल बाजूला काढला की त्याला कोणी हात लावत नाही, ते कधीही येऊन नेवोत. वेबसाइट करताना काका म्हणालेले, "घरच्यांना कसली मुदत लावतेस?" म्हणून घरच्यांनी अडवलेला माल आपोआप सुटतच नाही. आणि सगळं पीठ दादाच्या नावावर अडलंय!
त्याचा पासवर्ड चोरला असणार कोणीतरी. धावत सांगायला गेले. चहा पीत होता.
"पासवर्ड राहू दे. बदलू नको."
एवढंच.

८ डिसेंबर
शेवटी बोलला. मित्राबरोबर पोलादपूरला स्वतःचं ऑनलाइन दुकान काढतोय. इथे पीठ खपत नाही असं दिसलं की आत्या माल त्याला देईल, असा हिशेब.
"अगं, तुझ्यावर येईल असं वाटलं नव्हतं."
"येतच होतं, दादा. तू समोर होतास."
"बाय, घरात बोलू नकोस. बाबा मला दारात उभं करणार नाहीत."
मी 'बरं' म्हणाले. का म्हणाले?

९ डिसेंबर
'शिकतेय ती.' तेव्हा त्याला सगळं ठाऊक होतं.


११ डिसेंबर
सकाळी घरच्यांनाही मुदत लावली. पीठ सुटलं, लगेच ऑर्डरी सुरू. काकांनी दादालाच खोके बांधायला बसवलं.
आत्याचा फोन, स्पीकरवर. "झालं गो सरळ? काय बिघडलं व्हतं?"
काका: "हिचंच काहीतरी."
दादा मान खाली घालून चिकटपट्टी ओढत राहिला. त्याला 'बरं' म्हटलंय मी. पण आत्याशी खोटं बोलवेना.
"आत्या, तू इकडे ये. समोर बसून सांगते."
चिकटपट्टीचा आवाज थांबला.
"येते की. दुपारची एसटी धरते."
तिला आणायला डेपोवर कोण जाणार, काकांनी विचारलं. दादा लगेच उठला.
"मीही येते," म्हणाले. तो बाहेर गाडी काढतोय.