चिंचेखालच्या गप्पा

मंगळवार, दिवेलागणीला. कामतघर.

आई आत झोपली आहे. शेजारच्या कापड कारखान्यातल्या लूमची खटखट चालू आहे आणि मला मघापासून तिचा तो हातच दिसतोय. आज हृदयाच्या तपासणीसाठी तिला चालत्या पट्ट्यावर उभं केलं. पट्टा सुरू झाला तसा तिचा उजवा हात आपोआप डोक्यावर गेला, हंडा धरायला. "मावशी, हात खाली. दांडा धरा," तिथली मुलगी म्हणाली. आईनं धरला. थोड्या वेळानं हात पुन्हा वर.

मला तर वाटलं, पट्टा तिला घेऊन चाललाय, भिंतीतून पार, आमच्या गावच्या विहिरीकडे. मागून मी, एवढीशी, कळशी घेऊन.

मग ती धापा टाकायला लागली. पट्टा बंद केला. डॉक्टरांनी विचारलं, "असा दम गावीही लागतो का?"

"दम न्हाय वो. चढावर चिंच हाय, तिथं आमी सगल्याच बायका थांबतो. गप्पा मारायला."

डॉक्टर हसले. मीही हसले. का हसले मी? हंडा उचलायचा नाही, असं त्यांनी बजावलंय. ती 'बरं' म्हणाली, आणि उद्याच गावी जाते म्हणते. तिकडे पाणी कोण भरणार?

डोळे मिटले की ती चिंच दिसते. हलती सावली, हंड्यांतून गालांवर ओघळणारं पाणी. एकेकीचा एक हात डोक्यावर, दुसरा छातीवर. किती शांत वाटायचं मला तिथे.

शांतच असायचं. बोलत कुणीच नसायचं.