पहिल्या बोलीला नाही

३ फेब्रुवारी १९८६, मानवत
अजून फळीवरच निजून. कमरेतून निघालेली कळ डाव्या अंगठ्यापर्यंत जाते. ऐन तुरीच्या हंगामात मोंढ्यातल्या आमच्या अडतीच्या गादीवर धाकटा भाऊ वीरुपाक्ष. शेतकऱ्यांशी फार गोड बोलतो. दुकान बुडणार. मला लवकर उठलंच पाहिजे.

५ फेब्रुवारी, औरंगाबाद
डॉक्टरांनी समजावलं. मणक्यांमधल्या चकत्यांत एकेक करून सुईने औषध भरणार. भूल फक्त कातडीला. खराब चकतीत औषध गेलं की माझी नेहमीची कळ उठणार. ती ओळखून मी सांगायचं. मग तिचंच ऑपरेशन.
नागुबाई म्हणाली, "नीट सांगा बरं. लपवू नका."
बायकोला वाटतं मी भितो. भीत नाही. पण पहिल्या बोलीला हो म्हणणारा अडत्या अजून जन्मायचाय. डॉक्टर दोन-तीनदा विचारतीलच. आधी नाही, मग बघू, शेवटी हो. तोवर ते ऑपरेशनवरून गोळ्यांवर येतील.

७ फेब्रुवारी, दुपार
झालं. पालथं निजवलं, हलायचं नाही. पहिली सुई, नुसता दाब. दुसरी सुई, मेलो. तीच कळ, तोच अंगठा. तोंड उशीत होतं म्हणून डोळ्यांतलं पाणी दिसलं नाही. डॉक्टरांनी विचारलं, हीच का? म्हणालो, छे. आता पुन्हा विचारतील म्हणून थांबलो. त्यांनी "बरं" म्हटलं आणि तिसरी सुई घेतली. हा काय सौदा झाला?

८ फेब्रुवारी
रिपोर्ट. एक चकती जरा झिजलीय, पण तिथे दुखलं नाही म्हणजे दुखणं तिथलं नव्हे. ऑपरेशन रद्द. हिंडाफिरायला सांगितलं. नागुबाईने विचारलं, खरंच दुखलं नाही? म्हणालो, छे. जिंकलो. फक्त, साहेब, ती दुसरी सुई, असं म्हणायला गेलो तर ते पुढच्या पेशंटकडे वळलेले.

१२ फेब्रुवारी, मानवत
नागुबाईने फळी पापड वाळवायला माळवदावर नेली. वीरुपाक्ष म्हणाला, "अण्णा, रिपोर्ट चांगला हाय, आता तुमी बसा गादीवर. मी सासरवाडीला जायलोय." हसून हो म्हणालो.

१५ फेब्रुवारी, संध्याकाळ
पेन्सिल उचलायला वाकलो आणि गादीवर तसाच अडकलो. समोर लिंबाजी पाटील तुरीची गाडी घेऊन उभे. नागुबाईला बोलावून घेतलं. खरं ते सांगितलं, दुसऱ्या सुईला लय दुखलं होतं, फार दुखतंय.
ती म्हणाली, "डॉक्टरनं विचारलं तवा न्हाई. मी विचारलं तवा न्हाई. आता काम आलं की दुखायलंय का?"
मला रडू आलं. तिने लोड सरकवला आणि लिंबाजींना म्हणाली, "आणा पोती. मालकाला काई झालेलं न्हाई."