बारवेखालचं देऊळ

लातूर,
२० मे २००४

अव्वा,

रुद्राणीचा शरणार्थ. तुमच्या पायांवर मनातल्या मनात डोकं ठेवलं आणि मग लिहायला बसले.

इकडे सगळे बरे आहेत. पुनमला सुट्ट्या लागल्यात, दिवसभर जिन्यात बसून शेजारच्या पोरींशी सागरगोटे खेळते. तिचे पप्पा दुकानातून आले की आधी माठाशी जातात, मग बोलतात, इतकं ऊन आहे. मेसमधल्या पोरी परीक्षा देऊन आपापल्या गावी गेल्या. एवढं मोठं घर एकदम रिकामं झालंय. कालपासून सवयीनं कणीक जास्तच भिजवतेय. तुमचा गुडघा कसा आहे? तेल चोळता का, की बाटली तशीच फळीवर?

अव्वा, हे पत्र चष्मा लावून तुम्ही स्वतः वाचा. गंगम्माकडून वाचून घेऊ नका. तिच्या पोटात काही राहत नाही हे तुम्हीच सांगता.

सोमवारी मी बारवेतून वर आले आणि तुमच्याशी काहीच न बोलता निलंग्याच्या गाडीत बसले. तुम्हाला वाटलं असेल, पोरगी घाबरली. घाबरले नव्हते. तोंडातून शब्दच निघत नव्हता. आज निघतोय का बघते.

शेजारच्या बाई मला नेहमी विचारतात, "रुद्राणीबाई, तुमचं दुसरं लग्न होऊन इतकी वर्षं झाली, पहिल्या सासूकडं अजून कशाला जाता?" मी सांगते, माझं दुसरं लग्न त्याच बाईनं लावलं, माझ्या देगलूरच्या भावांशी भांडून लावलं. पुढचं मी सांगत नाही. तुमच्याशीही ते कधी बोलले नाही.

संक्रांतीला तुम्ही आलात तेव्हा म्हणालात, "डोळे हायत तवर खालचा महादेव बघायचा." तेव्हाच मी ठरवलं. कवठळीला नवीन लग्न होऊन आले तेव्हा तुम्ही सांगायचात, आपल्या बारवेच्या पाण्याखाली देऊळ आहे, तुमच्या सासूच्या सासूनंही ते पाहिलेलं नाही. घागर बुडवताना मी वाकून बघायचे. हिरवं पाणी दिसायचं आणि माझंच तोंड. मग भूकंपात गाव पडलं आणि बारवेचं पाणी कुठं उतरून गेलं ते कुणालाच कळलं नाही. गाळात दगडाच्या दाराची चौकट दिसली. बघायला गावात माणसं उरली नव्हती, आणि देऊळ दिसायला लागलं.

परवानगीसाठी मी इथल्या पुरातत्त्व खात्याच्या कचेरीत किती खेटे घातले ते तुम्हाला सांगितलं नाही. वैशाखातच खाली जाता येतं, बाकी वर्षभर झऱ्याचं पाणी दारापर्यंत असतं. त्यातही एका वेळी मोजकीच माणसं सोडतात, जास्त माणसांच्या श्वासानं दगड खराब होतो म्हणे. पहिल्यांदा गेले तर नावं भरलेली. दुसऱ्यांदा साहेब रजेवर. शेवटी मेसमधल्या सदफनं, ती नांदेडची, डॉक्टर व्हायचंय तिला, अभ्यास बाजूला ठेवून मला झकास अर्ज लिहून दिला. "काकू, आजींचं वय मोठ्या अक्षरात लिहिते, म्हणजे त्यांना दया येईल," म्हणाली. दया आली. आपल्या दोघींची नावं लागली. ग्यानोबाच्या दुकानात फोन करून तुम्हाला बोलावलं, तेव्हा तुम्ही फोनवर नुसत्या श्वास घेत होतात, आठवतं?

सूचना वाचून दाखवल्या तर चिडलात मात्र. फुलं नाहीत, हळदकुंकू नाही, तेलाचा दिवा नाही, दगडाला हात लावायचा नाही. "मंग देवाला भेटायचं कसं? हात हलवत?" मी म्हटलं, अव्वा, तो इतकी वर्षं पाण्यात होता, त्याला कुठं सवय आहे फुलांची. तेव्हा हसलात.

तुम्ही रोज नव्या गावातल्या मारुतीच्या देवळाच्या पायऱ्या चढून-उतरून तयारी करत होतात. मीही करत होते. दुपारी पोरी क्लासला गेल्या की धान्याच्या कोठीत जाऊन दार लावून घ्यायचे आणि अंधारात गव्हाच्या पोत्यावर बसायचे. मला बंद जागेची भीती नाही. पण त्या जागेची होती. एकदा पुनमनं दार उघडलं आणि विचारलं, "आई, तू रुसलीस का?"

सोमवारी आपण जुन्या गावातून चालत गेलो. पडक्या भिंतींतून बाभळी केवढ्या वाढल्यात. मारुतीच्या पारापासून बारवेपर्यंत तुम्ही पुढं, मी मागं. आणि आपण दोघींनीही डावीकडे पाहिलं नाही. आपलं घर डावीकडे होतं.

बारवेपाशी तंबूत डॉक्टर बसले होते. नावं लिहून घेणाऱ्यानं मला विचारलं, "या तुमच्या कोण?" मी म्हटलं, "अव्वा." त्यानं "आई" असं लिहिलं आणि आपण दोघींनी ते खोडायला लावलं नाही. मग डॉक्टरांनी तुमच्या दंडाला पट्टा बांधला. पाहिलं, पुन्हा बांधला, पुन्हा पाहिलं. "आजी, बीपी फार वाढलंय. तुम्हाला नाही सोडता येणार."

मी भांडणार होते. तुम्ही माझा हात दाबला. तोंडावर काही दिसू दिलं नाहीत. एवढंच म्हणालात, "तू जा. समदं नीट बघून ये. मला सांग."

म्हणून सांगते.

वरच्या पायऱ्या तुम्हाला माहीत आहेत, आपण तिथेच धुणं धुवायचो. त्याखालच्या पायऱ्या कुणी पाहिल्या नव्हत्या. एकेक पायरी इतकी रुंद की गाय बसेल. खाली जाल तसं ऊन वर राहत जातं. अंगावरचा घाम गार पडला. ओल्या मातीचा वास येत होता, पेरणीच्या वेळी येतो तसा, पण जुना. दार इतकं ठेंगणं आहे की कंबरेत वाकावंच लागतं. चौकटीच्या दोन्ही अंगांना दगडातल्या बाया उभ्या आहेत, हातात कलश घेऊन. पाण्यानं त्यांची नाकं-डोळे झिजलेत, पण कलश धरलेली बोटं तशीच आहेत.

आत गेले आणि अव्वा, मी उभी राहिले ती हललेच नाही.

खांब आहेत, काळे, ओले, दिव्याच्या उजेडात म्हशीच्या पाठीसारखे चमकणारे. भिंतीवर पाण्याच्या रेषा आहेत, एकावर एक, छतापर्यंत. मधोमध पिंड आणि तिच्या भोवती घोट्याएवढं पाणी. वारा नव्हता, कुणी पाय घातला नव्हता, तरी ते पाणी हलत होतं. त्यात मासे होते, करंगळीच्या नखाएवढे, पिंडीला प्रदक्षिणा घालणारे. कुठून आले असतील? आणि एक खांब हललेला नाही, अव्वा. एका दगडाला तडा नाही. आमच्यासोबत उतरलेल्या खात्याच्या साहेबांनी बॅटरी फिरवून सांधे दाखवले, केसही जाणार नाही असे.

तुम्हाला खरं सांगते, हात जोडायच्या आधी मला राग आला. वर एक घर ठेवलं नाहीस आणि स्वतःचं तेवढं नीट राखलंस? मनात असं म्हटलं मी, त्याच्या समोर उभी राहून.

तेवढ्यात साहेब म्हणाले, "आता दिवे बंद करतो. घाबरू नका, वर बघा." अंधार झाला. कोठीतला अंधार त्याच्यापुढे काहीच नाही. मग छतात घडवतानाच ठेवलेल्या एका छिद्रातून उन्हाची काडी खाली उतरली आणि पाण्यावर पडली. सगळं छत हलायला लागलं. उजेडाच्या लाटा खांबांवरून, त्या दगडी बायांवरून, आमच्या तोंडांवरून जात होत्या. एक म्हातारा रडायला लागला. माझा राग कुठं गेला मला कळलं नाही. एवढं मोठं, एवढं जुनं काहीतरी माझ्याकडे बघत होतं, आणि मी त्याला जाब विचारला म्हणून ते चिडलं नव्हतं.

साहेब हळू आवाजात म्हणाले, "इथं हाक मारली की परत येते. ज्याला मारायची त्यानं मारा." कुणी "हर हर महादेव" म्हणालं. ते परत आलं, सावकाश, जड होऊन. अजून एक-दोघांनी हाका मारल्या.

आणि मी म्हणाले, "गुरलिंग."

अव्वा, मी त्यांचं नाव कधीच घेतलं नव्हतं. ते असताना तशी रीत नव्हती. मी गौरीला देगलूरला गेले, भाऊ तापानं पडला म्हणून राहिले आणि परत आले तेव्हा गाव नव्हतं, त्यांचं तोंडही दिसलं नाही. नंतर नाव घेणार कुणासमोर? या घरात बरं दिसलं नसतं. तुमच्यासमोर घ्यावं तर तुम्ही त्या दिवसापासून लेकाबद्दल एक अक्षर काढलेलं नाही. मला वाटायचं, मी नाव घेतलं तर तुम्ही कोसळाल. तुम्हाला बहुतेक माझ्याबद्दल तसंच वाटत असेल. असं करून आपण दोघींनी त्यांना घरातूनही घालवलं.

मी हळूच म्हणाले होते, पण हाक खांबांमधून फिरली, छताला लागली आणि परत आली. आवाज माझा वाटेना. माझ्या आधीपासून तिथं कुणीतरी बसून हेच नाव घेत असावं, असा होता. मग मी पुन्हा म्हणाले. मोठ्यानं. जेवायला बोलवावं तसं. साहेबांनी मला थांबवलं नाही.

वर आले तेव्हा ज्या लिंबाखाली तुम्हाला बसवून गेले होते तिथं तुम्ही नव्हतात. बारवेच्या काठावर दोन्ही हात टेकून, खाली वाकून उभ्या होतात. तुमचा पदर डोक्यावरून खांद्यावर आला होता. तुमचं उघडं डोकं मी त्याआधी कधी पाहिलं नव्हतं. आणि तुम्ही मला विचारलंत, "दिसला का गं?"

मी "हाव" म्हणाले आणि निघाले. घरी येईपर्यंत एकच विचार डोक्यात होता. तुम्ही महादेवाचं विचारत होतात की त्यांचं? माझी हाक वर काठापर्यंत आली होती का?

याचं उत्तर पत्रातून नको. शाळा सुरू व्हायच्या आधी मी येते, चांगली राहायला येते. पुनमच्या पप्पांना सगळं सांगितलंय. ते म्हणाले, "पुनमलाही ने. तिला कळू दे." या पाकिटावर पत्ता त्यांनीच लिहिलाय.

आल्यावर आपण डावीकडच्या वाटेनं जाऊ, घर होतं तिथपर्यंत. मला त्यांच्या लहानपणचं सांगा. मला एका वर्षाचंच ठाऊक आहे, की ते भाकरी हातावर घेऊनच मोडायचे आणि पहिला तुकडा दारातल्या कुत्र्याला टाकायचे. त्याच्या आधीचं सगळं तुमच्यापाशी आहे.

तुमची,
गुरलिंगच्या घरची
रुद्राणी