झाकणावरची विभूती

सोमवार, संध्याकाळ

आजच्या चकतीच्या क्ष-किरण आलेखातही तोच टोकदार सुळका! सर म्हणतात, उष्णता जास्त झाली, धातूचे अणू रांगेत बसले, काचेसारखी विस्कळीत रचना गेली, कमी तापवा. कमी तापवलं की दाबलेली पावडर धरत नाही, चकती बोटांत कुसकरते. हे त्यांनाही ठाऊक आहे की! शिवाय आमच्या मिश्रधातूतल्या कशाचाच सुळका त्या जागी येत नाही. मग हा कुणाचा?

दुपारी प्रयोगशाळेतल्या मल्लिनाथअण्णांनी पावडर दळायचा डबा उघडला आणि झाकणावर विभूतीचे तीन पट्टे दिसले. दर सोमवारी लावतात. कडेची थोडी आत सांडलेली. चिमूटभर विभूतीचाच आलेख काढला. सुळका तिथंच!

सर फोनवर हसले. "विभूतीवर ढकलू नका." ढकलत नाहीये. उद्या झाकण पुसून नवी पावडर दळायची, उष्णता तीच ठेवायची. एक अंशही कमी करणार नाही.

अण्णांचं तोंड उतरलं होतं. "आता लावायची न्हाय म्हणता व्हय, मॅडम?"

"लावा की, पण दळायच्या यंत्राच्या मोटारीला."

"मग उद्या तुमच्या कपाळाला बी लावतो. सरांपुढं उभं ऱ्हायाचंय न्हवं."

लावा म्हटलं. डब्यापासून लांब राहीन. सरांसमोरून हलणार नाही.