बाभळीखालचा दगड

शनिवार, ८ फेब्रुवारी २०२५

ती. दैवशाला आक्का हिस,
परमेश्वरचा नमस्कार.

इकडे सगळे ठीक आहे. आईचा गुडघा थंडीत धरला होता, आता चालते. हरभरा काढायला आला आहे. तुमच्या कारखान्याचा पट्टा कधी पडणार आणि हंगाम संपून तुम्ही गावी कधी येणार, ते दाजींना विचारून कळव. फोनवर बोलताना तुझ्याभोवती सगळी टोळी असते, म्हणून तुमच्याकडे निघालेल्या महारुद्रजवळ चिठ्ठी देतो आहे. आधी तू एकटी वाच.

परभणीच्या एका कॉलेजची मुले शिबिराला आली आहेत. आपल्या गंगेचा, त्यांच्या भाषेत गोदावरीचा, जुना घाट, वरचे वीरगळ, काठाची झाडी, सगळे जपायचे आहे असे त्यांचे सर सांगतात. मी बारावीत शाळा सोडलेला, तरी गावचा माणूस म्हणून मला घेतले. कोरीव दगडावर खडूने आकडा घालायचा, फोटो काढायचा आणि दगड होता तिथेच ठेवायचा. आकडा नसलेले साधे दगड मुलांनी उचलायचे आणि घाटाच्या खचलेल्या बाजूला भिंत रचायची. नियम सरांचा, पण मला फार आवडला होता.

मुलांचा मात्र वैताग आला. रचतात कमी, फोटो जास्त. भिंत दोनदा ढासळली. शेजारचा पप्पू रोज येऊन विचारतो, "काय पुरातत्त्ववाले, इतकी वर्षं टिकला घाट, आता तुमच्या हातून टिकतो का?"

हे सगळे मी उगाच लिहीत बसलो आहे.

आक्का, बुधवारी मी चुना आणायला पालमला गेलो होतो. परत आलो तर मुलांनी बाभळीखालची जागा झाडून लख्ख केलेली. आपल्या बाळाला पुरले तिथला दगड जागेवर नाही. दरवर्षी तू ऊसतोडीहून आलीस की घरात पाय ठेवायच्या आधी ज्याला तेल लावून येतेस, तो.

मी सरांकडे गेलो. ते म्हणाले, "त्यावर काही कोरलेलं होतं का?"

"नाही सर."

"मग मुलांना कसं कळणार, परमेश्वर?"

बरोबर आहे त्यांचे. म्हणूनच जास्त चीड आली.

दगड सापडला. तेलाने काळा झालेला आहे, लगेच ओळखू आला. भिंतीच्या अगदी तळाच्या थरात बसवला आहे. काढायचा तर भिंत सोडवावी लागेल. सर म्हणाले, रविवारी शिबिर बघायला पाहुणे येऊन जाऊ देत, मग बघू. अर्पिता म्हणून एक मुलगी आहे, मनाने चांगली. ती म्हणाली, "दादा, वाईट वाटून घेऊ नका. आता तो दगड घाटाला आधार देतोय."

मी म्हणालो, "ताई, त्याचं बारसंही झालं नव्हतं."



आई म्हणते, "पोरीला कळवू नको, लय जीवाला लावून घेईल. दुसरा ठेव अन् तेल लाव. तिला काय कळायलंय?" मी तेवढाच एक दगड शोधला, तेलही लावले. मग त्याच्याकडे बघवेना. गंगेत टाकून आलो.

आज दिवस मावळायच्या आत मी भिंत सोडवणार आहे. पप्पू हात लावायला येतो म्हणाला, टोमणे मारतच येईल. बाजू खचली तर पुन्हा रचू. सर रागावतील. घाटाचा राखणदार म्हणून ते माझे नाव सुचवणार होते, तेही राहील. राहू दे.

दगड बाभळीखाली आणून ठेवतो. पण झाडलेल्या जमिनीवर खूण उरलेली नाही, आणि नेमकी जागा मला छातीठोक सांगता येत नाही. ती तू आल्यावर दाखव. तोवर मी त्याला तेल लावणार नाही.

दाजींना नमस्कार. कोयता जपून चालव.

तुझा भाऊ, आणि त्याचा मामा,
परमेश्वर