हेदवीला राहिलेल्या रेडिओबाबत

॥ श्री गजानन प्रसन्न ॥

मु. वरवडे, चैत्र वद्य षष्ठी, १९८६

रा. रा. भागोजीराव यांसी,

काशीरामाचा रामराम. इकडे सर्व क्षेम आहे असं लिहायची रीत आहे म्हणून लिहिलं. खरं-खोटं पुढे वाचून तुमचं तुम्हीच ठरवा. तुमच्या मातोश्रींचा खुबा पूर्ण सांधला आणि त्या काठी टेकत दशभुजा गणपतीच्या पायऱ्या चढून येतात, हे बोटवाल्या भिवा तांडेलाकडून कळलं. फार आनंद झाला. (खुबा मोडलेलं माणूस देवळाच्या पायऱ्या चढतं, म्हणजे त्याला उठवायला-बसवायला आता कुणी लागत नसावं, असा एक विचार मनात आला. तो तसाच सोडून दिला.) येसूवहिनीही सुनेचं बाळंतपण उरकून शिमग्याला मुंबईहून परत आल्या म्हणे. म्हणजे तुमच्या चुलीपाशी आता दोन बायका आणि माझ्या चुलीपाशी मी. असो. तुमच्या भगिनींनी माहेरी हवं तितकं राहावं, माझी हरकत नाही. हे पत्र त्यांच्याबद्दल नाहीच. माझ्या जोडीतला एक सी.बी. रेडिओ तुमच्या पडवीत आहे, तो मला परत हवा, एवढ्यापुरतंच हे पत्र आहे.

सुरुवातीपासून सांगतो, म्हणजे माझी बाजू कळेल. श्रावणात आई शेवाळावरून घसरल्या, येसूवहिनी मुंबईला, म्हणून तुम्ही स्वतः मुऱ्हाळी होऊन आलात आणि बहिणीला घेऊन गेलात. मी एका शब्दाने अडवलं नाही. पण आमच्याकडे रीत अशी, की ज्याने नेली त्याने आणून पोचवायची. तुमच्याकडे रीत अशी, की नवऱ्याने न्यायला यायचं. दोन्ही रीती चांगल्या आहेत. फक्त त्या जयगडच्या खाडीच्या दोन बाजूंना आहेत. तुम्ही माझी वाट बघत बसलात, मी तुमची. गौरी-गणपती गेले, दसरा गेला, दिवाळी आली तरी दोघेही आपापल्या ओटीवर.

त्या दिवाळीत माझा पुतण्या केरू मस्कतहून आला तो या रेडिओंची जोडी घेऊन. तिकडे वाळवंटात जीप घालणारे लोक म्हणे एका जीपमधून दुसऱ्या जीपशी यावरच बोलतात. तार नको, ट्रंक कॉल नको, पोस्टमास्तरांच्या पाया पडायला नको. बटण दाबून आपण बोलायचं, बटण सोडून दुसऱ्याचं ऐकायचं. केरूचा बेत असा होता, की एक माझ्या जीपमध्ये बसवावा आणि एक कलमांच्या बागेत ठेवावा, म्हणजे आंब्याच्या पेट्या भरल्या की मला कळेल. पण मी गावावरच्या उघड्या कातळाच्या सड्यावर गेलो आणि समोर पाण्यापलीकडे तुमच्या बाजूचा डोंगर दिसला. भागोजीराव, डोळ्यांना इतकं जवळ आणि जीपला इतकं लांब गाव दुसरं नसेल. माणूस तरीच्या होडीत बसून पलीकडे तवसाळला उतरतो, जीपला मात्र चिपळूणवरून वळसा. आवाजाला कसला आलाय वळसा? मी दुसरा रेडिओ, त्याची अँटेना आणि ट्रकची एक बॅटरी भिवाच्या बोटीने तुमच्याकडे धाडली. बागेचं काय, तिथे हाक मारली तरी ऐकू येते.

आता जीपचं. ती लष्कराच्या लिलावातली आहे हे तुम्हाला ठाऊकच आहे. (तुम्ही माझ्या पाठीमागे तिला ‘पेन्शनर’ म्हणता, तेही मला ठाऊक आहे.) रत्नागिरीचा दादू ट्रान्झिस्टरवाला रेडिओ बसवायला मुक्कामाला येऊन राहिला. त्याने स्टिअरिंगशेजारच्या पत्र्याला भोक पाडलं, ते चुकलं. दुसरं पाडलं, तेही चुकलं. त्या दोन भोकांतून इंजिनाची गरम हवा आता थेट माझ्या गुडघ्यांवर येते. थंडीत बरं वाटलं, हल्ली वाटत नाही. मागच्या बंपरला स्प्रिंग लावून माझ्यापेक्षा उंच अँटेना उभी केली. पहिल्या फेरीत ती गुरवांच्या अंगणात वाळत घातलेलं लुगडं घेऊन आली आणि दुसऱ्या फेरीत देवळासमोरचं आंब्याचं तोरण. लुगडं परत केलं, तोरण टोकाला फडकत राहिलं, आणि वाडीतल्या म्हाताऱ्या देवाची निशाणकाठी समजून जीपला हात जोडू लागल्या. मीही चार दिवस ते काढलं नाही. इतकं करून इंजिन चालू असताना रेडिओत नुसती मोहरी तडतडायची. दादू म्हणाला, ‘काका, बोलायचा आसंल तर इंजिन बंद ठेवायचा.’ आणि इंजिन बंद ठेवलं, की माझ्या म्हाताऱ्या बॅटरीतला सगळा जीव रेडिओ पिऊन टाकतो, मग जीप चालू होत नाही. म्हणून जीप सड्याच्या कडेला उताराकडे तोंड करून उभी करायची, चाकाखाली जांभा दगड लावायचा, बोलणं झालं की दगड काढायचा आणि उतारावर इंजिन सुरू करून घरी यायचं. मला ते जमायला लागलं होतं.

केरूने वापरायचे नियम लिहून दिले होते, ते मी सेटबरोबर तुमच्याकडे पाठवले. पहिलाच नियम असा, की ज्याला हाक मारायची त्याचं आधी नाव घ्यायचं. तिथेच गाडी अडली. केरू पडला मस्कतचा, त्याला काय ठाऊक, की तुमच्या भगिनींनी लग्नानंतर एकदाही माझं नाव घेतलेलं नव्हतं. (मतदारयादी करायला मास्तर आले, तेव्हा नवऱ्याचं नाव सांगायला शेजारची मुलगी बोलावून आणली होती.) पहिल्या संध्याकाळी मी सड्यावर कान देऊन बसलो. खरखर झाली आणि आवाज आला, ‘अहो.’ श्रावणानंतर पहिल्यांदा ऐकला, भागोजीराव. बटणावर बोट होतं, पण ते दाबायचंच मी विसरलो. तेवढ्यात दुसराच कुणी पुरुष ‘ओ’ म्हणाला. मग तिसरा. समुद्रावर चार ट्रॉलरवर असेच गल्फहून आलेले सेट आहेत, हे केरूने सांगितलंच नव्हतं. भिवा तांडेल म्हणाला, ‘वैनी, हितं समदेच कुनाचं ना कुनाचं अहो हाईत. तुमाला कुटला अहो पायजे?’ त्यावर तुमच्या भगिनींनी सेट जो बंद केला, तो चार दिवस उघडला नाही.

वाट काढली ती तुमच्या मातोश्रींनी. उखाण्यात नाव घेतलं तर त्याला कुणी नावं ठेवत नाही, असं त्या म्हणाल्या, आणि पाचव्या दिवशी समुद्रावरून आवाज आला:

‘जयगडच्या खाडीत होड्या लागल्या काठी,
काशीरामांचं नाव घेते रेडिओच्या बटणासाठी.’

माझं नाव तिच्या तोंडून मी यापूर्वी एकदाच ऐकलं होतं, लग्नात, आणि तेव्हा नेमका बँड वाजत होता. या वेळी स्वच्छ ऐकलं. मग रोजचंच झालं. बोटींवरच्या लोकांनाही चटक लागली. संध्याकाळ झाली, की खलाशी इंजिन हळू करून उखाण्याची वाट बघायचे, आवडला तर तसं सांगायचे. भिवाने घरी जाऊन बायकोला, आवडाबाईला विचारलं, तू का असं नाव घेत नाहीस? ती म्हणाली, आधी जीप घ्या. पुढे आठवडाभर त्यांचा अबोला होता.

आम्ही बोलायचो तरी काय? काही नाही. आमसुलांची बरणी कुठे आहे. फळीवर, डाव्या हाताला. कुळथाच्या पिठीला आधी पाणी की आधी पीठ. तांबू गाय दूध देते का. खरं सांगू, आमसुलांची बरणी मला दिसत होती. मी रोज घरातली एकेक वस्तू हरवून सड्यावर जायचो. घरी असताना एवढं बोलायची मला सवय नव्हती, हे तुमच्या भगिनींनी चार ट्रॉलरच्या साक्षीने ऐकवलंही:

‘फणसाला बाहेरून काटे, आत गरे दाटे,
काशीराम सड्यावरून बोलतात तेव्हा बरं वाटे.’

मलाही बरं वाटे. पण खाली आलो, की घर तसंच. एका माणसापुरता भात होतच नाही हो, कितीही कमी तांदूळ घ्या, उरतोच. तिचं पाणी तापवायचं तपेलं मी रोज घासून पालथं घालतो, कशाला ते माझं मलाच कळत नाही. मला करमत नाही, भागोजीराव. (हे वाक्य खोडणार होतो. पण शाईने लिहिलंय, खोडलं तर तुम्ही उजेडाला धरून वाचालच. राहू दे.)

शिमगा झाल्यावरची गोष्ट. मी सड्यावर जीप लावून, तिखटाचा डबा सापडत नाही हे सविस्तर सांगत होतो. वाडीतलं एक वासरू जीपच्या कडेला अंग घासत होतं, त्याच्या पायाने चाकाखालचा दगड सरकला आणि जीप माझ्यासकट उताराला लागली. ब्रेक होता, पण तो पेन्शनरचा ब्रेक. अशा वेळी माणूस देवाचं नाव घेतो. मी ‘गोदा!’ म्हणून ओरडलो. एकदाच नव्हे, करवंदीच्या जाळीत जीप अडकेपर्यंत ओरडत होतो, आणि भीतीने बटणावरचं बोट निघालं नव्हतं, त्यामुळे सगळं समुद्रावर गेलं. बोट निघालं तेव्हा तिचा आवाज येत होता. ‘अहो, लागलं का? बोला ना. अहो, ऐकताय ना?’ ना उखाणा, ना नाव. आणि त्या वेळी एकही बोट ‘ओ’ म्हणाली नाही.  मी म्हटलं, लागलं नाही, अँटेना तेवढी वाकली.

दुसऱ्या दिवशी मी वाकड्या अँटेनेनिशी सड्यावर हजर. आणि तुमच्या भगिनी म्हणाल्या:

‘हेदवीच्या देवळात दहा हातांचा गणपती,
दोन हातांचे काशीराम न्यायला का लाजती?’

मी काही बोलायच्या आत भिवा ओरडला, ‘दादा, जावा आता! न्हायतर आमीच आनून सोडताव.’ बाकीच्या बोटींवरही हशा पिकला. मला राग आला. चार ट्रॉलरसमोर बायकोने बोलवायचं आणि मी धावत सुटायचं? उद्या बंदरावर तोंड कसं दाखवू? मी बटण दाबून ठणकावलं, की ज्याने नेली त्याने आणून पोचवायची, ही रीत आहे. तिने ऐकून घेतलं. मग कट्‌ असा आवाज झाला, आणि तेव्हापासून हेदवीहून एक शब्द नाही.

बॅटरी उतरली असेल म्हणून मनाची समजूत घातली, तर भिवा सांगतो, परवाच गुहागरहून भरून आणलीय. मी रोज जातो. आमसुलं, तिखट, कुळीथ, सगळं विचारून झालं. खरखर ऐकतो आणि अंधार पडायच्या आत खाली येतो. बोटींवरचे लोक पहिले काही दिवस चेष्टा करायचे; हल्ली करत नाहीत, त्याचंच जास्त वाईट वाटतं.

तेव्हा मुद्दा असा, की रेडिओ तुमच्याकडे नुसता पडून असेल तर तो परत करावा. आंब्याचा हंगाम आहे, बागेत लागतो. आईंना साष्टांग नमस्कार, येसूवहिनींना रामराम, नव्या नातवाला आशीर्वाद. लोभ आहेच, तो रेडिओसोबत पाठवून द्यावा.

तुमचा,
काशीराम

ता. क. – रेडिओ नाजूक वस्तू आहे. एस.टी.च्या टपावर टाकू नये. भिवाच्या बोटीत माशांच्या पाट्यांशेजारीही नको. तो चालवता येणाऱ्या आणि मांडीवर नीट धरून बसणाऱ्या माणसाबरोबरच पाठवावा. असं माणूस तुमच्या घरात माझ्या माहितीप्रमाणे एकच आहे.

दुसरा ता. क. – रीतीचा प्रश्न तुम्ही काढणार, म्हणून आधीच सांगून ठेवतो. रविवारी सकाळी तुम्ही तिला तवसाळपर्यंत पोचवा. मी जीप घेऊन जयगडच्या धक्क्यावर उभा असेन. मधली खाडी तुमच्याही रीतीत येत नाही आणि माझ्याही नाही.

तिसरा ता. क. – तिला पाण्याची भीती वाटते, हे लिहिताना लक्षात आलं नाही. तरीत बसली की डोळे मिटून घेते, मग रेडिओ कोण धरणार? जीप जयगडला ठेवून मीच पलीकडे तवसाळला येतो. हे रेडिओसाठी, हे लक्षात असू द्यावं.

शेवटचा ता. क. – पाकीट चिकटवणार तेवढ्यात पुन्हा उघडलं. तवसाळला धक्क्यावर उन्हात उभं राहून काय करू? तिथून हेदवीला एस.टी. असते. दुपारी तुमच्याकडेच जेवायला येतो. पत्र आधी पोचेल की मी, सांगता येत नाही. भिवाला कळू देऊ नका. गोदाला सांगा, ट्रंक भरून ठेव. रेडिओ तिथेच राहिला तरी चालेल.